परीक्षक कोण? : आंतरजालावरील लेखनस्पर्धांच्या घोषणांचे वाचन

लेखनस्पर्धांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा निकाल लागल्यावर. विजेत्याचे कौतुक, परीक्षकांचे मनोगत, क्वचित डावलल्या गेलेल्याची तक्रार. स्पर्धेची घोषणा मात्र कोणी मजकूर म्हणून वाचत नाही. गेली काही वर्षे मी अशा घोषणा जमवते आहे. विद्यापीठाशी माझा संबंध नाही. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात जुने अंक चाळत आणि अलीकडे मोबाइलवर येईल ते वहीत उतरवून घेत हा अभ्यास झाला. कथा, कविता, चारोळी, अलक, अभंग, ललित, पत्रलेखन, पुस्तकपरिचय अशा नाना प्रकारांच्या स्पर्धांच्या घोषणा या वह्यांमध्ये आहेत. त्या सलग वाचल्यावर माझे एक मत बनले, ते येथे मांडते. स्पर्धा खरी आहे की नावापुरती, हे बक्षिसाच्या रकमेवरून ठरत नाही. आपण पाठवलेले कोण वाचणार आहे हे तिच्या घोषणेत लिहिले आहे का, यावरून ते ठरते.

दोन जुनी उदाहरणे

बक्षीस लावून लेखन मागवण्याची रीत आंतरजालाने आणलेली नाही. १७४९ च्या ऑक्टोबरात रूसो तुरुंगात असलेल्या दिदरोला भेटायला व्हॅन्सेनला पायी निघाला होता. वाटेत ‘मर्क्यूर द फ्रान्स’ या नियतकालिकाचा अंक चाळताना दिजाँ येथील अकादमीने जाहीर केलेल्या निबंधस्पर्धेचा विषय त्याच्या नजरेस पडला. शास्त्रे आणि कला यांच्या पुनरुज्जीवनाने माणसाची नीती सुधारली का, असा तो प्रश्न होता. त्याने निबंध लिहिला, १७५० मध्ये त्याला बक्षीस मिळाले आणि तो प्रसिद्धीस आला. त्याच अकादमीच्या पुढच्या स्पर्धेसाठी त्याने विषमतेवरचा निबंध पाठवला. त्याला बक्षीस मिळाले नाही, ते तालबेर नावाच्या एका धर्मोपदेशकाला मिळाले. त्या विजेत्याचा निबंध आज अभ्यासकांखेरीज कोणी वाचत नाही. हरलेला निबंध १७५५ मध्ये छापला गेला आणि अजून वाचला जातो.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. पेशवाईत पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अंमल आल्यावर त्या रकमेचे काय करायचे हा प्रश्न उरला. त्यातला काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी खर्च व्हावा असा अर्ज १८४९ मध्ये पुण्यातल्या नव्या शिक्षितांनी केला. लोकहितवादी त्यांत प्रमुख होते. पुढे १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नापसंत केले. ते छापले गेले शतकाहून अधिक काळानंतर.

हे नाटक कमिटीकडे गेले होते आणि परत आले हे आपल्याला ठाऊक आहे, कारण फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ते लिहून ठेवले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन गृहस्थांचे काही चालले नाही, असा त्यांचा आरोप आहे. आरोप करता आला, कारण वाचणारे कोण आहेत हे माहीत होते. कमिटीला नाव होते, चेहरा होता, हितसंबंध होते. म्हणून तिच्या निर्णयाची चिकित्सा करणे शक्य झाले. परीक्षक कळला म्हणजे निवाडा न्याय्य होतो असे मुळीच नाही. पण तो कळला नाही तर अन्यायाची नोंदसुद्धा करता येत नाही. आजच्या घोषणा वाचताना मी हे उदाहरण समोर ठेवते.

घोषणा सापडत नाही, कारण ती चित्र असते

इंग्रजीत लिहिणाऱ्याला स्पर्धा शोधणे तुलनेने सोपे आहे. अमेरिकेतील ‘पोएट्स अँड रायटर्स’ हे नियतकालिक स्पर्धांची सूची ठेवते, ‘ड्युओट्रोप’सारखी २००५ पासूनची, आता सशुल्क असलेली सूची आहे, साहित्य पाठवण्यासाठी ‘सबमिटेबल’सारखी व्यवस्था आहे. अंतिम तारीख, शुल्क, शब्दमर्यादा, परीक्षक अशा रकान्यांत माहिती मांडलेली असते आणि त्या रकान्यांवरून शोधता येते.

मराठीत अशी सूची नाही. शिवाय शोधायचे कशाने, हीच पहिली अडचण. ‘कथालेखन स्पर्धा’, ‘कथा लेखन स्पर्धा’, ‘कथास्पर्धा’ अशी एकाच गोष्टीची जोडून-तोडून लिहिलेली रूपे आहेत. त्याहून मोठी अडचण अशी की मराठी घोषणा बहुतेक वेळा अक्षरांत नसतेच, चित्रात असते. रंगीत पार्श्वभूमी, कोपऱ्यात दौत आणि मोरपीस, मधोमध मोठ्या टंकात ‘भव्य राज्यस्तरीय काव्यलेखन स्पर्धा’. हे चित्र व्हॉट्सअॅपवरून गटागटांत फिरते. ज्या गटात आपण नाही तिथली स्पर्धा आपल्यासाठी नसल्यासारखीच. म्हणजे घोषणा ‘खुली’ असते, पण ती पोहोचते ती ओळखीच्या वाटेने. शहरातल्या साहित्य-वर्तुळात वावरणाऱ्याकडे एकच चित्र चारदा येते आणि आडगावातल्या मुलीकडे एकदाही येत नाही.

अशा चित्रांतला एक बारकावा सांगण्याजोगा आहे. पुष्कळांवर अंतिम तारीख असते, साल नसते. ‘दि. ३० सप्टेंबरपर्यंत’ एवढेच. त्यामुळे संपून गेलेली स्पर्धा पुढल्या वर्षी पुन्हा जिवंत होऊन फिरू लागते आणि लोक लेखन पाठवत राहतात. छापील अंकातल्या घोषणेला हा रोग होत नसे. अंकावरच महिना आणि वर्ष असायचे. साल लिहिणे ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण नवख्याच्या श्रमाची किंमत ती लिहिणाऱ्याला कितपत वाटते, ते तिथे दिसते.

पैसा कोणत्या दिशेने जातो

दुसरा प्रश्न शुल्काचा. शुल्क घेणे हाच गुन्हा आहे असे मी मानत नाही. जिथे बक्षिसाची रक्कम, परीक्षकांचे मानधन आणि टपालखर्च काढायचा आहे, तिथे माफक शुल्क समजू शकते. प्रश्न असा की त्या शुल्काच्या बदल्यात लेखकाला काय मिळणार आहे. वाचन, की प्रमाणपत्र?

या बाबतीत अमेरिकेतला अनुभव उद्बोधक आहे. ‘पोएट्री डॉट कॉम’ या संकेतस्थळावर कविता-स्पर्धा चालत. प्रवेश विनामूल्य. कविता पाठवणाऱ्याला काही दिवसांनी कळवले जाई की तो उपांत्य फेरीत पोहोचला आहे आणि त्याची कविता संग्रहासाठी निवडली गेली आहे. संग्रह विकत घ्यायला मात्र पैसे लागत, आणि ते चांगलेच लागत. हे वाचून संशय आलेल्या काही विनोदी मंडळींनी मुद्दाम अर्थहीन, भिकार कविता पाठवून पाहिल्या. त्यांचीही तितकीच स्तुती झाली. ‘वर्गल फ्लॉम्प’ हे टोपणनाव त्यातलेच एक. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘विनिंग रायटर्स’ या संकेतस्थळाने पुढे त्याच नावाने विनोदी कवितांची विनामूल्य स्पर्धा भरवली. सुरुवातीला तीत अशा दिखाऊ स्पर्धांना पाठवलेल्या विडंबन-कविताच मागवल्या जात. भिकार कविता पाठवणे ही एका अर्थी परीक्षकाची परीक्षा होती. पलीकडे कोणी वाचते आहे का, एवढेच त्यांना पाहायचे होते.

मराठीतला ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रह’ हा याच घराण्यातला प्रकार आहे. स्पर्धा म्हणून कविता मागवायच्या, आलेल्या बहुतेक सर्व ‘निवडायच्या’, आणि प्रत्येक सहभागी कवीने अमुक प्रती घ्याव्यात अशी अट घालायची. सोबत सन्मानचिन्ह आणि एखादा भारदस्त किताब. सगळे प्रातिनिधिक संग्रह असे असतात असे नाही. संपादकाने कष्ट घेऊन केलेले, नव्या कवीला पहिल्यांदा छापील पान दाखवणारे संग्रहही माझ्या कपाटात आहेत. दोहोंतला फरक ओळखायची खूण सोपी आहे. संग्रहाच्या संपादकाचे नाव आणि त्याची प्रस्तावना पाहावी. प्रस्तावनेत कवितांविषयी एखादे तरी वाक्य असे आहे का, की जे त्या कविता वाचल्याशिवाय लिहिताच आले नसते? नसेल, तर ते पुस्तक वाचकांसाठी काढलेलेच नाही. त्यात लिहिणाऱ्यांनी विकत घ्यावे म्हणून काढले आहे.

‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’

माझ्या वह्यांतल्या घोषणांमध्ये सर्वांत जास्त वेळा आलेले वाक्य हे आहे. वाक्य जुनेच, छापील काळातले. वादावादी टाळायला ते उपयोगी पडते. पण ज्या घोषणेत परीक्षकाचे नावच नाही, तिथे या वाक्याचा अर्थ काय होतो? निर्णय अंतिम, पण कोणाचा? ‘तज्ज्ञ परीक्षकांकडून’ या शब्दप्रयोगाने ती जागा भरली जाते. तज्ज्ञ आहेत तर नाव सांगायला संकोच कसला?

नाव आधी सांगितले तर दडपण येते, शिफारशी येतात, असे आयोजक म्हणतात. हा मुद्दा खोटा नाही. त्यावर उपाय आहे : नाव निकालाबरोबर सांगावे आणि परीक्षकाने काय वाचले, काय आवडले, कुठे लेखन कमी पडले, याचे चार परिच्छेद द्यावेत. जुन्या मासिकांच्या कथास्पर्धांत परीक्षकांचे निवेदन छापलेले मी पाहिले आहे. न जिंकलेल्याला त्यातून काहीतरी मिळत असे. आजच्या निकालपत्रावर नावे आणि छायाचित्रे असतात. त्यात लेखनाविषयी अवाक्षर नसते.

नाव सांगितले तरी प्रश्न संपत नाही, हेही खरे. अमेरिकेत २००४ मध्ये अॅलन कॉर्डल या पोर्टलंडच्या ग्रंथपालाने ‘फोएट्री’ नावाचे संकेतस्थळ काढले. शुल्क घेऊन चालणाऱ्या काव्यसंग्रह-स्पर्धांत परीक्षक आपल्याच विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना निवडतात, असे तो जाहीर कागदपत्रे जुळवून दाखवू लागला. त्याची भाषा कडवट होती, त्याच्यावर टीकाही भरपूर झाली. पण त्या गदारोळानंतर तिथल्या छोट्या साहित्यिक नियतकालिकांच्या आणि प्रकाशकांच्या संघटनेने स्पर्धांसाठी आचारसंहिता केली : नियम स्पष्ट असावेत, हितसंबंध म्हणजे काय ते आधीच सांगावे, निवड कशी होते ते लोकांना कळावे. एका ग्रंथपालाला हे करता आले, कारण परीक्षकांची नावे छापलेली होती. जे फुल्यांना करता आले तेच.

अलीकडे दुसराच प्रकार रूढ होतो आहे. परीक्षक नकोच, ज्या लेखनाला जास्त पसंती, जास्त वाचने, ते विजेते. वरवर हे लोकशाहीचे वाटते. घडते असे की लेखक आपल्या आत्या-मावश्यांपासून कार्यालयातल्या सहकाऱ्यांपर्यंत सर्वांना दुवा पाठवतो आणि ‘फक्त एक अंगठा’ मागतो. लेखकाने आणलेले वाचक आयोजकाच्या पदरात पडतात. कथा किती जणांनी उघडली हे मोजता येते. किती जणांनी शेवटपर्यंत वाचली, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्याचा गोतावळा मोठा त्याची कथा मोठी.

एका चौकोनात बोट टेकवताना

नियम व अटींच्या शेवटी एक छोटा चौकोन असतो : ‘मला अटी मान्य आहेत.’ तिथे बोट टेकवताना आपण काय देतो?

‘स्पर्धेसाठी आलेल्या सर्व साहित्याचे हक्क आयोजकांकडे राहतील’ हे वाक्य मी अनेक घोषणांत वाचले आहे. ‘विजेत्या’ नव्हे, ‘सर्व’. म्हणजे जे निवडले नाही, कदाचित वाचलेही नाही, त्यावरही हक्क. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा कल मात्र लेखकाकडे आहे. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतर भारतापुरते धरतात. कलम ५७ प्रमाणे हक्क देऊन टाकल्यावरही ‘हे मी लिहिले आहे’ असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. हक्काची मुदत लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे आहे. आपल्या नातवंडांपर्यंत पोहोचणारी ही गोष्ट आहे. पडद्यावर टेकवलेले बोट म्हणजे सही का, हा वकिलांचा प्रांत आहे, माझा नाही. लेखकाने करायचे काम सोपे आहे : ‘सर्व हक्क’ असे दिसले की आयोजकाला विचारावे, कोणते हक्क, किती काळ, कशासाठी? उत्तर येते का आणि कसे येते, यावरून पुढचे ठरवावे.

‘अप्रकाशित’ हा दुसरा अवघड शब्द. पूर्वी छापले नाही ते अप्रकाशित. आता बावीस जणांच्या गटात टाकलेली कविता प्रकाशित मानायची का? फेसबुकवर टाकून तासाभराने काढलेली? घोषणा यावर गप्प असते, आणि जिंकल्यावर कोणीतरी जुने पडदाचित्र पाठवते. खुलासा एका ओळीचा आहे; ती ओळ लिहायला हवी.

चांगला नियम कसा दिसतो

राष्ट्रकुल लघुकथा पारितोषिकाच्या नियमांकडे मी नमुना म्हणून पाहते. २०१२ पासून आताच्या स्वरूपात चालणारी ही स्पर्धा आहे. प्रवेश विनामूल्य, ऑनलाइन. कथा २,००० ते ५,००० शब्दांची, अप्रकाशित. पाच विभाग, प्रत्येक विभागाचा परीक्षक नावानिशी जाहीर. विभागीय विजेत्याला २,५०० पौंड, अंतिम विजेत्याला ५,००० पौंड. कथेचा हक्क लेखकाकडे राहतो. विजेती कथा प्रसिद्ध करण्यापुरता अधिकार संस्था घेते. २०१६ मध्ये पराशर कुलकर्णी यांना ‘काउ अँड कंपनी’ या कथेसाठी अंतिम पारितोषिक मिळाले, ते मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२० मध्ये कृतिका पांडे यांना मिळाले. दोघांच्याही कथा इंग्रजीत आहेत.

याच नियमावलीत आपल्यासाठी एक टोचणारी ओळ आहे. इंग्रजीखेरीज ज्या भाषांतल्या मूळ कथा थेट पाठवता येतात त्यांत बंगाली आणि तमिळ आहेत, मलय, स्वाहिली, सामोअनही आहेत. मराठी नाही. मराठी कथा इंग्रजी अनुवादातून पाठवता येते. कथाकाराला अनुवादक मिळवून देणारी, निदान एकमेकांची गाठ घालून देणारी एखादी व्यवस्था आपल्या साहित्यसंस्थांनी केली, तर दहा सन्मानचिन्हांच्या खर्चात ते काम होईल. जिल्ह्याच्या गावात बसून उत्तम कथा लिहिणाऱ्याला हा दरवाजा आहे हेच ठाऊक नसते. त्याच्या मोबाइलवर येते ते मोरपिसाचे चित्र.

यंत्राने लिहिलेले आणि कोणी न वाचलेले

२०२३ च्या फेब्रुवारीत ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या अमेरिकी विज्ञानकथा-मासिकाने साहित्य स्वीकारणे काही काळ थांबवले. यंत्राकडून लिहवून घेतलेल्या कथांचा लोंढा आला होता आणि त्यातून माणसांच्या कथा वेगळ्या काढणे संपादकांना जड जात होते. मराठी स्पर्धांतही ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर आढळल्यास प्रवेशिका बाद’ अशी ओळ आता दिसू लागली आहे. आढळणार कोणाला? वाचणाऱ्याला. जिथे प्रमाणपत्रे प्रवेशिकेसरशी आपोआप निघतात, तिथे यंत्राने लिहायचे आणि यंत्राने गौरवायचे, असा व्यवहार माणसाशिवाय पुरा होऊ शकतो. यंत्राचे भय मला त्यामुळे वेगळ्याच कारणाने वाटते. ज्या स्पर्धा आधीपासूनच वाचकाविना चालत होत्या, त्या आता लेखकाविनाही चालतील.

दिवाळी अंकांचे काम

का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचे वर्ष दिवाळीभोवती फिरते. अनेक अंक आजही कथा-कविता स्पर्धा घेतात. त्यांना माझी विनंती चार ओळींची आहे. घोषणेत साल लिहा आणि ती चित्राबरोबर अक्षरांतही द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. न निवडलेल्या लेखनावर कोणताही हक्क सांगणार नाही, असे लिहा. परीक्षकांची नावे निकालाबरोबर द्या. आणि परीक्षकांचे निवेदन छापा. पाने कमी असतील तर एका पानाचे छापा.

लिहिणाऱ्यांनाही एवढेच सांगेन की घोषणा आली की बक्षिसाच्या आकड्याआधी परीक्षकाचे नाव शोधा. सापडले तर त्यांचे एखादे पुस्तक वाचनालयातून आणून वाचा; आपले लेखन कोणाच्या हाती जाणार हे कळेल. सापडले नाही तर पत्र लिहून विचारा. उत्तर आले नाही, तर ती कथा ज्याच्या वाचनावर तुमचा विश्वास आहे अशा एखाद्याला द्या. मग ती शाळेतली बाई असो, ग्रंथपाल असो, की शेजारचा वाचनवेडा. प्रमाणपत्र मिळणार नाही. पण तिसऱ्या पानावर कथा का ढेपाळते ते कोणीतरी सांगेल.